अण्णांची जीप

आश्लेषाचं लग्न झालं त्या वर्षी अण्णांचा हट्ट होता, लेकीला मांडवात आपल्याच जीपनं न्यायची. म्हणून तिच्या भावानं, अजेयनं, दिवेआगरच्या वाडीतच क्लच बदलला. लग्न दोन दिवसांवर असताना क्लच दाबला की जीप किंचाळू लागली. अजेयचा चेहरा उतरला. अण्णा खुर्चीतून म्हणाले, “पाय काढला की गप्प होते ना? क्लच बेअरिंग गेलं.” “नवंकोरं होतं, अण्णा.” गिअरबॉक्स उतरवला, तर बेअरिंग आतून कोरडंठाक. अण्णांनी विचारलं, “ह्यातलं ग्रीस कुणी खाल्लं?” आई हळूच म्हणाली, “दुकानातली वस्तू, किती हात लागलेले. मीच रॉकेलनं धुतलं, कुंकू लावलं.” अण्णा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दुसऱ्या बेअरिंगला आईनं लांबूनच नमस्कार केला. लग्नादिवशी अण्णांनी क्लच दाबला. जीप गप्प होती, आतले सगळे हसत होते. अण्णा पुढच्या कार्तिकात वारले.