दोन वाजताचं ब्रिटिश गाणं

कोरपन्याच्या बसथांब्यावर दिव्यानीनं इअरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं. आमच्या जन्माआधीचं ब्रिटिश गाणं वाजत होतं. “समजलं का?” “ढोल चांगला आहे.” “अबे, प्रेमाचं गाणं आहे. बॉम्ब पडून राह्यला, दुनिया संपून राह्यली, अन् दोघं एकमेकाचा हात धरून उभे.” “आपल्या इथी तर रोज दोन वाजता बॉम्ब पडते. चुनखडीच्या खाणीत,” मी म्हटलं. ती हसली नाही. “उद्या मले पाहाले पाहुणे येऊन राह्यले. पोरगा त्याच खाणीत ब्लास्टिंगले आहे. तुले काही म्हणाचं आहे का?” मला चार वर्षांपासून म्हणायचं होतं. मी म्हटलं, “पगार चांगला असन.” दोन वाजले. स्फोट झाला, थांब्याचे पत्रे थरथरले. दिव्यानीनं माझा हात धरला. “भिऊ नको, रोजचंच आहे,” मी म्हटलं. तिनं हात सोडला. “मी काय पुण्याची आहो?”