हशाची टेप

"माझ्या आयुष्याचा क्षण न् क्षण मी तुम्हाला वाहिला आहे," पडद्यावर साहेब म्हणाले, आणि एक बाई फिस्सकन हसली.

देशभर ऐकू गेलं ते. दूरचित्रवाणी केंद्राच्या काचेमागच्या खोलीत बसलेला ध्वनिमुद्रक ताडकन उठला. केंद्रात त्याला सगळे कानसेन म्हणत. त्यानं आधी आवाज वर-खाली करायचा फेडर पाहिला, मग टेपचं यंत्र. फेडर पार खाली होता. टेप थांबलेली होती. मग हसलं कोण?

कोण हसलं ते त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर अंगावर सरसरून काटा आला.

ती टेप त्याच्या उमेदीच्या दिवसांतली. तेव्हा केंद्राची एक विनोदी मालिका लोकांना बोलावून, त्यांच्यासमोरच चित्रित व्हायची, आणि ती लागली की रस्ते ओस पडायचे. लोकांचा हशा कानसेन वेगळा टेप करून ठेवायचा. त्याची बायको दर आठवड्याला पहिल्या रांगेत. विनोद तिला उशिरा कळायचा की काय, देव जाणे. सगळ्यांचं हसून झालं की ही सुरू व्हायची, आणि हिला बघून सगळे पुन्हा हसायचे. पुढं मालिका बंद झाली. नट म्हातारे झाले, काही गेले. बायकोही गेली.

टेप मात्र कामाला लागली. साहेबांच्या भाषणाला सभागृह गच्च भरायचं, पण त्यांनी विनोद केला की आधी हसायचं कोणी, ही पंचाईत. भलत्या जागी हसलं गेलं तर? शेवटी वरून हुकूम आला आणि कानसेन मालिकेतला हशा साहेबांच्या विनोदांना जोडू लागला. बायकोचं हसू तेवढं तो न चुकता गाळायचा. साहेबांना ती हयातीत हसायचीच, पण त्यांच्या विनोदांना नव्हे. जेवताना बातम्या लागल्या की ठसका लागेपर्यंत हसायची, आणि हा उष्ट्या हातानं उठून खिडकी लावायचा. "हळू जरा! शेजारी ऐकतील."

खिशातला फोन थरथरला. मुलीचा होता.

"बाबा, आत्ता टीव्हीवर आई हसली."

"भलतंच काय बोलतेस! ठेव फोन."

भाषण संपल्यावर साहेबांच्या कचेरीतला अधिकारी खोलीत आला. तो धावत आला नाही, सावकाश आला. तेच जास्त वाईट होतं.

"कोण ती बाई?"

"असेल कोणी तरी, सर. जुनी टेप आहे."

"मग पुसून टाका. आत्ता, माझ्यासमोर."

घरात बायकोचे फोटो ढिगानं होते. आवाज एकही नव्हता. जन्मभर जगाचे आवाज टिपणाऱ्या या माणसानं घरात कधी टेप लावली नव्हती. ती जी काही उरली होती ती त्या टेपवर. पण निवृत्ती तोंडावर आली होती, आणि याहून किरकोळ कारणांवरून माणसं कुठल्या कुठे गेलेली त्यानं पाहिली होती. त्यानं बटण दाबलं. पुसून झाल्यावर हेडफोन लावून सगळी टेप ऐकली. नुसती सूं सूं. अधिकाऱ्यानंही ऐकली आणि मान डोलावली.

संध्याकाळी त्यानं मुलीला सांगितलं. ती रडली नाही की भांडली नाही.

"तिथंही खिडकी लावून आलात," एवढंच बोलली आणि तिनं त्याचं ताट वाढलं.

पुढच्या भाषणाला अधिकारी नवाकोरा हशा घेऊन स्वतः शेजारी येऊन बसला. कचेरीतल्या कारकुनांना एका खोलीत कोंबून हसवलं होतं. साहेबांनी विरोधकांवर एक विनोद केला आणि सवयीनं थांबले. कानसेननं फेडर वर सरकवला. कारकून एकदम हसले आणि शाळेची घंटा झाल्यासारखे एकदम गप्प झाले.

आणि मग, सगळ्यांच्या मागून, अगदी निवांत, ती सुरू झाली.

कानसेननं फेडर खाली ओढला. हसू थांबेना. त्यानं यंत्राची वायर उपटली. तरी थांबेना. पडद्यावर साहेब बोलायचे थांबले होते. मान पुढं काढून ते पहिल्या रांगेत कोणाला तरी शोधत होते. म्हणजे सभागृहातही ऐकू जात होतं.

मागच्या रांगांतून कोणी तरी खुदकन हसलं. हे हसणं कुठल्या टेपवरचं नव्हतं, खरोखरच्या माणसाचं होतं. मग आणखी एक. मग दहा-वीस.

अधिकाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आवाज तोडा! सगळाच तोडा!" तो ओरडला आणि मधल्या मोठ्या खटक्यावर झेपावला. तो दाबला की अख्ख्या देशातले टीव्ही मुके झाले असते, आणि त्यांच्याबरोबर तीही.

कानसेननं खटक्यावर आपला पंजा आडवा धरला.

"हात काढा! कोण लागते ती अवदसा तुमची?"

"बायको आहे माझी," कानसेन म्हणाला. "हसू द्या तिला."