हिरवा झालेला साप

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी रुपचंद कुऱ्हाड घेऊन भागाअक्काच्या दारातला निंब तोडायला आला. गेल्या वर्षी फांदीवर दिसलेलं सापाचं तपकिरी पिल्लू यंदा हिरवंगार झालेलं. शेपटीचं तुटकं टोक मात्र तेच. "रंग बदलस म्हणजे भूत शे, अक्का," तो म्हणाला. माहेरी आलेल्या पोरी लांबच थांबल्या. दरवर्षी याच निंबाला झोके बांधायच्या, आता सावलीतही कोणी येईना. भागाअक्काने चारचौघांत डोक्यावरचा पदर मागे सारला. "मोठा व्हयना तो, रंग बदलना. मन्हा केस काळा व्हतात, आते पांढरा व्हयनात. मी बी भूत शे का? चालाड मंग कुऱ्हाड!" रुपचंदने कुऱ्हाड खाली टेकवली. अक्काने खांद्यावरचा दोर सापाच्याच फांदीवर टाकला, गाठ ओढून पाहिली. सत्तरीची बाई थेट झोक्यावर बसली. वर पानं सळसळली. "बठ्ठा जण मांगे सरका! मन्हा झोका उंच जास!"