जुन्या साच्याची फाईल

बाळंतपणाच्या रजेवरच्या महेश्वरीच्या मांडीवर लेक नुकतीच पेंगुळली, तोच ऑफिसातून अर्पिताचा फोन आला. दूध डेअऱ्यांच्या नोंदी डिस्कवर कोणत्या साच्यात, म्हणजे फॉरमॅटमध्ये, साठवायच्या, हे आठ वर्षांपूर्वी महेश्वरीने ठरवलं होतं. आता ही कालची पोरगी तो साचाच बदलत होती. “ताई, नवा साचा लय पळायलाय! साहेब सारखे माझंच कौतुक करायलेत. इथल्या सगळ्या फायली नव्या साच्यात घातल्यात, फक्त तुमच्याकडची एखादी जुनी फाईल द्या, त्याच्यात उघडती का बघते.” महेश्वरीचा नुसता जळफळाट झाला. जुन्या फायलींचा पेन ड्राइव्ह किल्ल्यांच्या जुडग्यातच होता. तो मुठीत आवळत ती म्हणाली, “एकबी उरली न्हाई गं.” “बरंच झालं की! मंग तुमचा साचा वाचणारा प्रोग्राम कशाला ठेवायचा? पुसूनच टाकते.” “खबरदार!” लेक दचकून रडायला लागली. तिला थोपटत महेश्वरी म्हणाली, “फाईल हाय माझ्याकडं. उद्या घेऊन येते. माझ्यासमोरच उघड.”