शिशाच्या गोळीचा आवाज

जुन्या ग्रीक दिनदर्शिकेनुसार ६ एप्रिल १८८५, शनिवार, सायंकाळी पाच वाजता ग्रीसमधल्या पेत्रोवुनी गावच्या चर्चमध्ये नऊ मतपेट्या मांडून झाल्या. प्रत्येक उमेदवाराची एक. क्लेआन्थिस ग्लारोस तिसऱ्या पेटीपाशी थांबला. तिच्यावर त्याचे नाव होते.

पेटी पत्र्याची. आत मधोमध उभा पडदा. उजवा कप्पा होकाराचा, पांढरा. डावा नकाराचा, काळा. मतदाराने प्रत्येक पेटीच्या समोरच्या नळीत कोपरापर्यंत हात घालायचा आणि शिशाची गोळी हव्या त्या बाजूला सोडायची. हात दिसत नसे. आवाजही येत नसे, कारण दोन्ही कप्प्यांच्या तळाला लाल बनात, जाड लोकरी कापड, चिकटवलेली होती.

ती बनात क्लेआन्थिसच्या वडिलांची देणगी. थोरले ग्लारोस स्वातंत्र्ययुद्ध लढले, राज्याची घटना लिहायला बसले, तीनदा मंत्री झाले. पण गावाने लक्षात ठेवले ते हे कापड. गरिबाचे मत जमीनमालकाच्या कानी पडता कामा नये, असे ते म्हणत. त्यांना जाऊन चार वर्षे झाली होती. त्यांची संसदेतली जागा आता मुलाला हवी होती.

“स्तामोसकाका, उजव्या बाजूची बनात काढा.”

म्हातारा स्तामोस तीस वर्षे थोरल्यांचा कारभारी होता. आता चर्चची आणि पेट्यांची देखभाल त्याच्याकडे होती. त्याने टोपी काढली.

“पोरा, ती तुझ्या बापानं स्वतःच्या हातानं लावलीय.”

“बाप गेला. आणि हे लोक माझी कॉफी ढोसतात नि मिशीत हसतात. उद्या इथं उभं राहून ऐकायचंय मला, कोण आपला नि कोण परका. ज्याची गोळी वाजणार नाही, त्यानं सोमवारी माझी जमीन सोडायची.”

“बापाच्या पेटीला कान लावणार तू?”

“काढताय, की दुसऱ्याला सांगू?”

स्तामोस चाकूच्या धारेवर अंगठा फिरवत राहिला. क्लेआन्थिस बाहेर जाऊन परतला, तेव्हा लाल गुंडाळी म्हाताऱ्याच्या काखेत मावत नव्हती.

“झालं?”

“झालं. तुझ्या बापाची शपथ, उद्या उजव्या बाजूची प्रत्येक गोळी वाजेल.”

रविवारी सूर्योदयाला मतदान सुरू झाले. पहिली गोळी क्लेआन्थिसने स्वतः टाकली, उजवीकडे. ठण्. तो समाधानाने बाजूला उभा राहिला. भटारी आला. ठण्. “ख्रिस्त उठला, भाऊ!” असे ईस्टरचे अभिवादन करत क्लेआन्थिसने त्याला मिठी मारली. मेंढपाळ आले, विणकर आले. ठण्, ठण्.

दुपारी पान्देलिस आला. गेल्या वर्षी क्लेआन्थिसने त्याची पाणचक्की जप्त केली होती. त्याचा हात नळीत बराच वेळ राहिला. ठण्. पान्देलिस दचकला, पांढराफटक पडला. क्लेआन्थिसचे डोळे मात्र भरून आले. त्याने त्यालाही छातीशी धरले आणि सर्वांदेखत म्हणाला, “उद्या ये आणि चक्कीची किल्ली घेऊन जा.”

पान्देलिसने पेटीकडे पाहिले. मग स्तामोसकडे. स्तामोस मेणबत्त्यांच्या वाती कातरत होता. पान्देलिस बाहेर गेला आणि रांगेतल्या पहिल्या माणसाच्या कानाशी लागला. त्यानंतर आत येणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांवरचा ताण उतरलेला होता.

सायंकाळपर्यंत एकही गोळी मुकी राहिली नाही.

“दादा, अख्ख्या गावात एकसुद्धा परका नाही?” चुलतभावाने विचारले.

“वडिलांची पुण्याई, दुसरं काय!”

शेवटचे मत स्तामोसचे होते. ठण्.

“काका, सगळ्यांत खणखणीत तुमची वाजली.”

“पेटी तुझ्या बापाची आहे, पोरा.”

सूर्यास्ताला मोजणीसाठी आलेल्या न्यायाधीशांनी पेटीवरची लाख फोडली आणि झाकण उचलले. क्लेआन्थिस सर्वांआधी वाकला. उजव्या कप्प्याचा तळ उघडा पत्रा होता. डाव्याचाही. तो हळूहळू ताठ झाला. दिवसभर ज्यांना मिठ्या मारल्या, ते सगळे दाराशी टोप्या हातात धरून उभे होते.

“मी उजवीच सांगितली होती,” तो पुटपुटला.

“उजवी तुझ्यासाठी काढली,” स्तामोस म्हणाला. “डावी तुझ्या बापासाठी.”

न्यायाधीशांनी मोजणी वाचून दाखवली. पांढऱ्या कप्प्यात ४१, काळ्या कप्प्यात २७७.