कुपीतला आवाज

हेमांगीने कुपी दिव्यासमोर धरली. आत चमचाभर निळसर द्रव होता.

"काकू, रसायन परदेशी पाठवायचं तर आत काय आहे ते खरं सांगावं लागतं. नुसतं 'औषध' म्हणालात तर विमानतळावरूनच परत येईल."

"ह्यांचा आवाज आहे," सरोजकाकू म्हणाल्या. "कालच दवाखान्यात माझ्या आठवणीतून काढून घेतला. हे गेले तेव्हा नंदा पोटात होती. आता ती ऑस्लोत असते. तिनं बापाचा आवाज कधी ऐकलाच नाही."

कुरिअरच्या काउंटरवर हे काही नवं नव्हतं. पेट घेत नाही, विषारी नाही, असं हेमांगीने नोंदवलं. कुपी स्पंजात घट्ट बसवून डबा बंद केला, तो दुसऱ्या डब्यात घातला आणि वरची बाजू दाखवणारा बाण चिकटवला.

"फुटली तर दुसरी मिळायची नाही हं. तुमच्याकडे थोडा ठेवलाय ना?"

"थोडा ठेवता येत नाही म्हणे. निघतो तो सगळाच निघतो."

हेमांगीचा हात डब्यावरच थांबला. "मग काकांचा आवाज तुम्हाला आता आठवतच नाही?"

"नाही ना," काकू पदर सावरत म्हणाल्या. "म्हणून तर नंदाला बजावलंय, ऐकलास की लगेच फोन कर. कसा होता ते मलाही सांग."