दहा तास चाळीस मिनिटं

"हललं का गं?" आईने तिसऱ्यांदा विचारलं.

"कुठलं काय! ठाण मांडून बसलंय नुसतं." मुलीने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. नकाशावर बाबांचं इवलंसं पिवळं विमान चाळीस मिनिटं धावपट्टीच्या तोंडाशी उभं होतं.

आईच्या चहावर साय धरली होती. बाबा विमानाने निघाले की तिचं हे असंच. खायचं नाही, बसायचं नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू तर चिडवायच्याच, "लग्नाला सतरा वर्षं झाली तरी जीव टांगणीला! काय बाई प्रेम!" आणि एरवी तर दोन तासांचा प्रवास असायचा. नऊ हजार दोनशे किलोमीटर लांब बाबा पहिल्यांदाच चालले होते.

फोन वाजला. आई जवळजवळ पडलीच त्याच्यावर.

"दोन रिंगा लागल्या उचलायला?" बाबांचा आवाज खोलीभर घुमला. "कुणाशी बोलत होतीस?"

"हिच्याशी. घरीच आहोत दोघी."

"बरं. इथे नुसता खोळंबा आहे. उतरवतील बहुतेक सगळ्यांना."

आई पांढरीफटक पडली. "उतरवतील? म्हणजे... परत घरी?"

"नाहीतर काय शेजारी जाऊ?" बाबा हसले. फोन बंद झाला.

"आई, अगं घाबरतेस काय! विमानं रोज उडतात गं. हजारो!"

पडद्यावरून आईची नजर हलेना.

आणि मग पिवळं टोक पुढे सरकलं. सरकलं, धावलं, समुद्रावर गेलं.

"उडालं!" मुलीने टाळीच वाजवली.

आई पहिल्यांदाच खाली बसली. "आता फोन?"

"बंद. त्या विमानात नेट नाही, बाबाच कुरकुरत होते ना सकाळी."

"पोचायला बारा तास पाच मिनिटं. हो ना?"

"हो, सांगितलं ना काल... अय्या!" मुलीने जीभ चावली. "आई, मी शहरं उलटी भरली होती. हा येतानाचा वेळ. जाताना वारा पाठीशी असतो. दहा तास चाळीस मिनिटं फक्त! लवकर पोचतील की बाबा!"

आईचा चेहरा खुलला नाही. ओठ हलत होते, बोटं काहीतरी मोजत होती.

"मध्येच मागे नाही ना फिरणार?"

"नाही गं, वेडाबाई! सुखरूप पोचतील."

आई उठली. कपड्यांच्या कपाटामागे हात घालून तिने दोन भरलेल्या बॅगा ओढून काढल्या आणि एक मुलीच्या पायाशी ठेवली.

"बूट घाल," ती म्हणाली. "ते उतरून फोन करतील, तेव्हा आपण कुठे आहोत हे त्यांना कधीच कळता कामा नये."